वाघामायच्या वळणावर अडलेली सही

राठोडसाहेबांची आणि माझी पहिली ओळख त्यांचं पाणी पिऊन झाली. छप्पन सालची दिवाळी नुकतीच सरली होती. आम्ही वऱ्हाडकर नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेलो ते याच सुमाराला. राज्य बदललं, पण आमच्या अडीच फुटी लाइनची चाल काही बदलली नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणाऱ्या त्या गाडीत मी पत्र्याची ट्रंक मांडीशी धरून बसलो होतो. यवतमाळच्या गाडी-तपासनिसांच्या कार्यालयात कारकून म्हणून माझी नेमणूक झाली होती. गाडी अशी रमतगमत चालली होती की, कारंजा सोडल्यावर दोन प्रवासी खाली उतरले, सीताफळं तोडली आणि चालत येऊन पुन्हा डब्यात बसले.

डब्याच्या टोकाला खाकी कपड्यांतले एक गृहस्थ खाली फळीवर मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले, समोर काठोकाठ भरलेला पितळी लोटा. मला वाटलं, जपाला बसलेत. माझा घसा कोरडा पडला होता. “घेऊ का थोडं?” असं मी विचारलं. उत्तर आलं नाही. मौन म्हणजे होकार, असं आपल्याला शिकवलेलं आहे. मी लोटा उचलला आणि निम्मा रिकामा केला.

गृहस्थांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “बाबू, तुमी तं माहं माप पेऊन टाकलं.”

डबा किती हेलकावे खातो हे पाहण्याची ती त्यांची रीत होती. दारव्ह्याला लोटा भरायचा, यवतमाळला किती सांडलं ते मोजायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात हजर झालो, तेव्हा मुख्य खुर्चीत तेच बसलेले. त्यांनी मला एक नोंदवही दिली आणि आदल्या दिवसाची नोंद सुवाच्य अक्षरात उतरवायला सांगितली. तिच्यात लिहिलं होतं : “दारव्हा ते यवतमाळ. माप मिळाले नाही. पाणी पिण्यात आले.” नोकरीतलं माझं पहिलं काम म्हणजे माझ्याच पराक्रमाची नक्कल करणं!

श्री. गेमसिंगजी राठोड यांना साठ वर्षं पूर्ण झाल्याबद्दल निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी सत्कार समितीनं मला ‘राठोडसाहेबांची कर्तव्यनिष्ठा’ या विषयावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी लगेच होकार दिला. नंतर घरी येऊन फार वेळ बसून राहिलो. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. त्याचं कारण फारसं अभिमानाचं नाही. ते कारण या लेखात पुढे येईल. वाचकांनी तोवर धीर धरावा.

साहेबांचा जन्म लाडखेडच्या बाजूच्या एका बंजारा तांड्यातला. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशोदेशी फिरलेले. आगगाडी आली आणि लदेणीचा तो धंदा बुडाला. मग ही माणसं जमिनीच्या तुकड्यावर स्थिरावली, कापूस आणि तूर पिकवू लागली. ज्या गाडीनं आजोबांचा धंदा बुडवला तिच्याच पोटात नातू शिरला, असं साहेब स्वतःच हसून सांगत. रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून लागले आणि तपासनिसाच्या खुर्चीपर्यंत चढले. तांड्यात तोवर कुणाच्या नावाचं टपालही येत नव्हतं. साहेबांना पहिलं सरकारी पाकीट आलं, तेव्हा ते पाहायला नायकांसकट सगळा तांडा जमला होता, असं साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगतात.

आजोबांचं एक सांगणं त्यांच्या तोंडी नेहमी असे. “गोनी बैलावर चढवून पाहाची नसते, चालवून पाहाची असते.” उभ्या बैलावर कोणतंही ओझं बरोबरच बसतं, खरं काय ते दोन कोस चालल्यावर बैलाची पाठ सांगते. साहेबांनी हेच डब्यांना लावलं. दुरुस्त होऊन आलेला डबा ते यार्डात पाहून कधीच पास करत नसत. त्यातून प्रवास करत, तोही बाकावर बसून नव्हे, खाली फळीवर. मलाही त्यांनी तसंच बसायला लावलं. पहिल्या महिन्यात मला सगळे डबे सारखेच खडखडाट करतात असं वाटे. वर्षभरानं डोळे मिटून मी सांगू लागलो की, मागच्या उजव्या बाजूची कमान, म्हणजे डबा तोलणारी पोलादी स्प्रिंग, थकली आहे. ही विद्या मला कोणत्याही शाळेत मिळाली नसती. धोतराला डाग पडत, हा तिचा एकच तोटा.

त्यांच्या काटेकोरपणाचा एक प्रसंग आजही दारव्ह्याच्या बाजूला चवीनं सांगतात. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाचं लग्न होतं आणि वरातीसाठी जादा डबा जोडला होता. वरात बसली, वाजंत्री सुरू झाली. साहेब मामा म्हणून फेटा बांधून आले होते, पण सवयीनं डब्याखाली वाकले आणि कमानीच्या एका पात्याला चीर दिसली. त्यांनी खिशातून खडू काढून डब्यावर फुली मारली. आमच्या भाषेत डबा ‘आजारी’ ठरला. सगळी वरात उतरली. दुसरा डबा यायला दुपार टळली. नवरदेव हळदीच्या अंगानं फलाटावर घामाघूम झाला होता. बहीण सगळ्यांसमोर ओरडली, “अरे, मामा हायेस का दुश्मन? एक डाव आंधया झाला असता तं काय बिघडलं असतं?” साहेब खाली मान घालून उभे राहिले, पण फुली पुसली नाही. बहिणीनं दोन वर्षं अबोला धरला. भाचा मात्र सुखरूप लग्न करून आला आणि आज त्याला चार मुलं आहेत.

एवढं वाचून ते कोरडे, कडक गृहस्थ असतील असं कुणाला वाटेल. माझी पत्नी कारंज्याची. यवतमाळला तिचं कुणीच नव्हतं. आमच्या पहिल्या मुलाच्या वेळी तिला काही खावंसं वाटेना. डोहाळे लागले ते आंबट अंबाडीच्या भाजीचे. मी कार्यालयात सहज बोलून गेलो. दुसऱ्या दिवसापासून वहिनी दर एक दिवसाआड अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर फडक्यात बांधून आमच्या खोलीवर येऊ लागल्या. म्हणायच्या, “तुमचे साहेब मले बसू देत नाही. रोज इचारते, पोरगी जेवली का?” ज्या महिन्यात वहिनी ही भाकर आणत होत्या, त्याच महिन्यात मी जे केलं ते आता सांगतो.

एकसष्ट सालाच्या सुमाराला आमच्या लाइनवर जलद गाडी येणार, अशी बातमी उठली. जलद म्हणजे ताशी तीस मैल! मुंबई-पुण्याच्या वाचकांनी हसू नये. सीताफळं तोडून पुन्हा डबा गाठणाऱ्या माणसांना तीस मैल म्हणजे वारा होता. तेलावर चालणारी, इंजिनाशिवाय स्वतःच पळणारी, दोन डब्यांची नवीकोरी गाडी. ती मोठ्या लाइनच्या सपाट वाघिणींवर, म्हणजे उघड्या मालडब्यांवर, बांधून मूर्तिजापूरपर्यंत आली. तिथं स्लीपरांचा उतार रचून तिला आमच्या छोट्या रुळांवर उतरवताना अर्धं गाव लोटलं होतं. पिवळा आणि तांबडा रंग, काचेच्या खिडक्या. एका म्हातारीनं जवळ येऊन गाडीला हळदकुंकू लावलं. साहेबांनी तिला अडवलं नाही. म्हणाले, “लावू द्या. नवरी हाये.”

नवी गाडी प्रवाशांना देण्याआधी तिच्या चाचण्या घ्याव्या लागतात. त्या पार पडल्यावर तपासनीस ‘गाडी योग्य आहे’ अशा दाखल्यावर सही करतात. सही होईपर्यंत गाडी तपासनिसाच्या ताब्यात असते. तिला कुणी हात लावायचा नाही. चाचणीत माणसांच्या वजनाइतकी पोती बाकांवर मांडतात. नियमाप्रमाणे वाळूची पोती हवीत. ते काम माझ्याकडे होतं. पण यवतमाळात वाळू नदीवरून आणावी लागते आणि सरकी तर दाराशी पडलेली असते. मी कापसाच्या जिनातून सरकीची पोती उचलली, तोलून बरोबर वजनाची केली आणि बाकांवर बसवली. साहेब म्हणाले, “चालते. यवतमाळचे पॅसेंजर सरकीचेच असाचे.”

तीन चाचण्या झाल्या. गाडी काय पळत होती! चालक इब्राहिमभाई आयुष्यभर कोळशाच्या इंजिनावर काळे झालेले, ते आता पांढरा सदरा घालून बसत आणि म्हणत, “राठोडजी, ये तो मक्खन है.” पोती जागची हलली नाहीत. मी तिन्ही चाचण्यांच्या नोंदी केल्या : चाल उत्तम, हेलकावे नाहीत. मुख्य कार्यालयातून आलेल्या मोठ्या साहेबांनी उद्घाटनाचा दिवस ठरवला. पाहुण्यांना पत्रिका गेल्या. फलाटाला रंग लागला. फक्त राठोडसाहेबांची सही राहिली होती.

ती ते करेनात.

मोठे साहेब स्वतः यार्डात आले. त्यांनी विचारलं, “राठोड, काय राहिलं आहे?”

“साहेब, एक चाचनी राह्यली.”

“तीन झाल्या ना? आसनं इतकी, पोती इतकी, वजन बरोबर. हिशेब चुकला का?”

“हिशोब बराबर हाये साहेब,” राठोडसाहेब म्हणाले. “पन पोतं वाघामायले हात जोडत नाही.”

सगळे हसले. मोठे साहेबही हसले. मी पण हसलो, हे इथं नमूद करतो. पण यवतमाळच्या प्रत्येक माणसाला ते काय म्हणाले ते कळलं होतं. लोहारा मागे पडलं की उतार लागतो आणि उताराच्या तळाशी लाइन वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, झाडाखाली वाघामायचं ठाणं आहे. गाडी तिथं आली की झाडून सगळे प्रवासी उठतात, त्या बाजूच्या खिडक्यांशी जातात आणि हात जोडतात. बाया कडेवरची लेकरं उचलून खिडकीबाहेर धरतात, देवीला दाखवतात. उजवीकडचे बाक क्षणभर रिकामे होतात. जुनी गाडी तिथून बैलगाडीच्या चालीनं जायची, म्हणून कधी काही झालं नाही. ही नवी गाडी तिथं तीस मैलांनी जाणार होती. वळणावर वेगामुळे डबा बाहेर झुकणार, आणि त्याच वेळी सगळी माणसंही बाहेरच्याच बाजूला जाणार. राठोडसाहेबांनी हे सगळं मोठ्या साहेबांना समजावून सांगितलं.

मोठे साहेब म्हणाले, “मग लोकांना बसून नमस्कार करायला सांगा. पाटी लावू.”

“साहेब, पाटी वाचता येनारा मानूस त्या गाडीत दर डब्यात एक. अन् तो बी हात जोडाले उभा राह्यते.”

मोठ्या साहेबांचा चेहरा बदलला. इतक्या माणसांदेखत हे ऐकणं त्यांना आवडलं नाही. “उद्या संध्याकाळपर्यंत सही झाली पाहिजे. नाहीतर मी दुसरा तपासनीस बोलावतो,” असं म्हणून ते निघाले आणि जाताना मला सोबत यायला सांगितलं.

कार्यालयात त्यांनी मला मुख्य कार्यालयाला पाठवायचं एक टिपण लिहायला बसवलं. पाच वर्षं होऊनही माझी नोकरी कायम झालेली नव्हती आणि तो कागद त्यांच्याच टेबलावर होता. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. फक्त कागद थोडा पुढे सरकवला. मग विचारलं, “तुम्ही त्या गाडीनं नेहमी जाता ना? तुम्हीही तिथं उभे राहता का?”

मी म्हणालो, “नाही साहेब.”

आजवर त्या वळणावरून मी जितक्यांदा गेलो, तितक्यांदा उभा राहिलो आहे. लग्नानंतर पत्नीला घेऊन आलो तेव्हा दोघंही उभे राहिलो होतो.

मोठे साहेब सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेलो. तपासनीस विनाकारण काम अडवतात, एवढाच त्यांचा आशय होता. त्यांना नेमका शब्द सापडेना. तो मी पुरवला. ‘अंधश्रद्धेपोटी’ या अर्थाचा चांगला लांबलचक इंग्रजी शब्द. साहेब खूश झाले. “तुमचं इंग्रजी छान आहे,” म्हणाले. त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही लपवत नाही. टिपण सही होऊन त्याच दिवशीच्या टपालानं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राठोडसाहेबांनी गाडी त्या वळणावर नेऊन उभी केली. तांड्यातली आणि लोहाऱ्याची साठेक माणसं त्यांनी बोलावली होती. बाया लेकरांसकट आल्या होत्या. साहेबांनी त्यांना उभ्या गाडीत बसवलं आणि मोठ्यानं सांगितलं, “रोज करता तसंच करजा. आज जास्तीची भक्ती नोको.” मग ते डब्याखाली शिरले. चाक आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर होतं. वरून कुणीतरी “जय वाघामाय” म्हटलं, माणसं उठली, खिडक्यांशी गेली, लेकरं बाहेर आली. डबा त्या बाजूला बसला. साहेबांनी खालून हाक मारली, “बाबू, या. बोट घालून पाहा.” मी वाकलो. एकच बोट जात होतं.

“उभ्या गाडीत एक बोट उरलं,” ते म्हणाले. “पयत्या गाडीत किती उरन, ते आता पाहाचं.”

त्यांनी सगळ्या माणसांना उतरवलं. एकही माणूस आत राहू दिला नाही. मग सरकीची सगळी पोती आम्ही बाहेरच्या अंगाच्या बाकांवर रचून दोरांनी बांधली. पोत्यांनाच नमस्काराला उभं केलं, म्हणा ना. चालवायला इब्राहिमभाई आणि खालची फळी काढून चाकावर नजर ठेवायला स्वतः साहेब, एवढे दोघंच जाणार होते. मी घड्याळ आणि वही घेऊन चढलो, कारण नोंद करणं माझं काम होतं.

“बाबू, तुमी उतरा.”

“साहेब, नोंद...”

“घडी माह्यापाशी द्या. घरी बाई दोन जिवांची हाये, अन् तुमी हे कायले करून राह्यले? उतरा म्हनतो ना.”

मी उतरलो. वाघामायच्या ठाण्यापाशी तांड्यातल्या माणसांत जाऊन उभा राहिलो. गाडी मागे हटत उतार चढून दिसेनाशी झाली. काही वेळानं भोंगा वाजला आणि ती खाली येताना दिसली. वळणात शिरताच डबा आमच्या बाजूला झुकला आणि असा काही कर्कश आवाज आला की लेकरं रडू लागली. जळक्या लोखंडाचा वास सुटला. दोन पोती फुटून सरकी खिडक्यांतून आमच्यावर उडाली. पुढचं चाक रुळावरून उचललं गेलं आणि परत बसलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. इब्राहिमभाईंचा हात आधीपासून ब्रेकवर होता. बऱ्याच पुढे जाऊन गाडी थांबली.

मी धावत गेलो. साहेब फळीवर बसलेले होते. बाह्या काळ्या झालेल्या, मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा. डब्याच्या तळाच्या लोखंडात चाकानं हातभर लांब खाच पाडली होती आणि ती निळी पडली होती. इब्राहिमभाई उतरून रुळाशीच खाली बसले. “बाबूजी, मालूम था इसलिए रुकी,” ते म्हणाले. “भरी गाड़ी में मालूम किसको रहता?” साहेबांनी मला घड्याळ परत दिलं आणि म्हणाले, “आता लिहा.” मी लिहिलं.

संध्याकाळी मोठे साहेब आले, डब्याखाली वाकले, खाचेवरून बोट फिरवलं आणि परत गेले. उद्घाटन तांत्रिक कारणांसाठी पुढे ढकललं गेलं. कारखान्यातून जाड कमानी आल्या, वळणावर दहा मैलांची मर्यादा लागली. साहेबांनी पुन्हा माणसं आणि पोती दोन्ही घेऊन चाचण्या केल्या आणि मगच सही केली. तीन महिन्यांनी गाडी सुरू झाली, हारतुऱ्यांशिवाय. त्याच आठवड्यात आम्हाला मुलगा झाला होता. पत्नी माहेराहून परत येताना त्याच गाडीनं आली आणि तिनं त्याला खिडकीतून बाहेर धरलं.

आता राहिलेली गोष्ट. ते टिपण परत बोलावता आलं असतं. दुसरं चार ओळींचं टिपण पुरलं असतं. मोठे साहेब काही वाईट मनुष्य नव्हते. मी मसुदा करून पुढे ठेवला असता तर त्यांनी सही केली असती, असं मला आज वाटतं. पण ते काही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. माझी नोकरी कायम झाली. वर्षभरानं राठोडसाहेबांच्या बढतीचा प्रस्ताव नामंजूर होऊन आला. नागपूरला मुख्य तपासनीस म्हणून जायचं त्यांच्या अगदी तोंडाशी आलं होतं. नकाराच्या कागदात कारण दिलेलं होतं, आणि कारण म्हणून तोच लांबलचक शब्द होता. पाकीट मीच फोडलं. मीच ते त्यांच्या पुढे ठेवलं.

त्यांनी कागद वाचला. त्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाबू, याचा अर्थ काय होते?”

मी म्हणालो, “जुन्या वळणाचा माणूस, असा काहीसा, साहेब.”

“मंग तं खरंच हाये,” असं म्हणून ते हसले आणि कागद फायलीत लावायला मला परत दिला. त्याच खुर्चीत, त्याच हुद्द्यावर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी त्यांच्यावर उत्तम भाषण केलं. सगळ्यांनी वाखाणलं.

मागच्या महिन्यात समितीचं पत्र आलं आणि लिहायला बसलो तर एक ओळ सरकेना. ‘कर्तव्यनिष्ठा’ हा शब्द लिहिला की दुसरा शब्द त्याच्या शेजारी येऊन बसे. शेवटी एका सकाळी मी तांड्यावर गेलो. साहेब ओट्यावर तुरीचं बी निवडत बसले होते. वहिनींनी चहा आणला. मी कपाला हात न लावता सगळं सांगून टाकलं. टिपण मी लिहिलं, तो शब्द माझा, अर्थ विचारलात तेव्हा मी खोटं बोललो, असं सगळं.

त्यांनी सूप खाली ठेवलं.

“मले ठाऊक होतं,” ते म्हणाले. “त्या आफिसात असं इंग्रजी दुसऱ्या कोनाले येत होतं, बाबू? टिपन गेलं त्याच दिवशी शिपायानं सांगतलं मले.”

त्याच दिवशी. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गाडीतून उतरवलं, तेव्हा त्यांना माहीत होतं. त्या महिनाभर आमच्या खोलीवर अंबाडीची भाजी येत होती, तेव्हाही. कसंबसं विचारलं, “मग अर्थ काहून विचारला?”

“अर्थ बी ठाऊक होता. तुमच्यानं सांगवते का, ते पाहून राह्यलो होतो.”

वहिनी आत निघून गेल्या. मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. साहेबांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाले, “झालं ते झालं. पन आता लिहाच असन तं मराठीत लिहा. साऱ्याइले समजलं पाह्यजे.”

म्हणून, त्यांच्या आज्ञेवरून, मराठीत लिहितो. श्री. गेमसिंगजी राठोड यांनी अंधश्रद्धेपोटी कोणतंही काम अडवलं नाही. त्या वळणावर मीही हात जोडून उभा राहत होतो आणि ते मी नाकारलं. गाडी त्यांनी अडवली ती आमच्या जिवासाठी, आणि त्याची किंमत त्यांनी एकट्यानं भरली. सरकारी फायलीतला तो शब्द खोडण्याचा अधिकार आता माझ्याकडे नाही. या ग्रंथाचं हे पान माझ्याकडे आहे, ते मी त्यासाठी वापरलं.

समितीला विनंती आहे की समारंभात हा लेख मला स्वतः वाचू द्यावा. माझी खोटी नोंद सात वर्षं टिकली. ही खरी नोंद त्यांनी त्याच्या कितीतरी पट वर्षं आपल्या कानांनी लोकांच्या तोंडून ऐकावी, इतकं दीर्घ आणि निरोगी आयुष्य साहेबांना लाभो, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसण्याचं तोंड मला राहो.